शिशाच्या सवयी आणि नावेतली लिथियम बॅटरी

जबलपूरहून कटनीकडे जाताना लागणाऱ्या सिहोऱ्यासारख्या गावात बॅटरी म्हटलं की घरचा इन्व्हर्टर, ट्रॅक्टर किंवा ई-रिक्षा डोळ्यांसमोर येते. नाव सहसा येत नाही. पण याच जबलपूर जिल्ह्यात नर्मदेवर बरगी धरणाचा सुमारे ७५ किलोमीटर लांबीचा जलाशय आहे आणि भेडाघाटला नावा चालतात. नावेच्या मागच्या काठाला पकडीने बसवायची छोटी विजेची मोटर, जिला ट्रोलिंग मोटर म्हणतात, अशा पाण्यावर खरोखर उपयोगी आहे. २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने भोपाळच्या मोठ्या तलावातल्या डिझेलच्या बोटींना मनाई केली, तेव्हापासून मध्य प्रदेशात धूर न सोडणाऱ्या नावेचा प्रश्न केवळ हौसेचा राहिलेला नाही. मोटर निवडणं तुलनेने सोपं आहे. गोंधळ होतो तो बॅटरीत, आणि तो अज्ञानापेक्षा जुन्या ज्ञानामुळे जास्त होतो. शिसे-ॲसिडच्या बॅटरीबद्दल आपण पिढ्यानपिढ्या जे शिकलो ते त्या बॅटरीपुरतं बरोबर होतं. तेच नियम लिथियमला लावले की बहुतेक गैरसमज जन्माला येतात.

पहिला गैरसमज असा की १०० अँपिअर-अवर म्हणजे कुठल्याही बॅटरीत १०० अँपिअर-अवरच. ॲसिडच्या बॅटरीवरचा आकडा बहुधा वीस तासांच्या हिशोबाने दिलेला असतो, म्हणजे ५ अँपिअरने हळूहळू ओढली तर तेवढी वीज मिळते. साधारण ५५ पौंड रेट्याची १२ व्होल्टची मोटर पूर्ण वेगात ५० अँपिअरच्या आसपास ओढते. एवढ्या ओढीला शिशाची बॅटरी छापील आकड्याच्या साठ टक्क्यांच्या जवळपासच देते, आणि ती वारंवार तळापर्यंत रिकामी केली तर लवकर निकामी होते, म्हणून जाणकार तिची निम्मीच वीज वापरतात. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० अँपिअर-अवरची बॅटरी तीच ओढ सोसून जवळपास सगळी वीज देते. १२.८ व्होल्टने गुणलं तर १,२८० वॅट-तास होतात, म्हणजे पूर्ण वेगात सुमारे दोन तास. वजनही २८-३० किलोंऐवजी ११ ते १३ किलो, आणि छोट्या नावेत हा फरक एका लहान मुलाच्या वजनाएवढा आहे. त्यामुळे ‘किंमत दुप्पट-तिप्पट, मग फायदा काय’ हा आक्षेप रास्त असला तरी त्यात तुलना चुकीच्या आकड्यांची होते. १५० ची ॲसिड बॅटरी आणि ८० ची लिथियम समोरासमोर ठेवून हिशोब करायला हवा. वेगाचाही हिशोब आहेच: नाव पाण्यातून ढकलायला लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाने वाढते, त्यामुळे वेग थोडा कमी केला तरी बॅटरी पुरण्याचा वेळ पुष्कळ वाढतो. मोठी बॅटरी घेण्याआधी हे करून पाहावं.

मात्र एक आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. ‘हजारो वेळा चार्ज होते’ ही जाहिरात वर्षाला चाळीस दिवस नाव काढणाऱ्याला निरर्थक आहे. २,००० आवर्तनं त्याला पन्नास वर्षं पुरतील, आणि तोवर सेल नुसत्या वयानेच म्हातारे झालेले असतील. त्याच्यासाठी लिथियमचं समर्थन वजनात आणि सलग मिळणाऱ्या ताकदीत शोधावं लागेल. रोज प्रवासी नेणाऱ्या नावाड्याचा हिशोब अगदी वेगळा निघतो.

दुसरा गैरसमज जास्त धोकादायक आहे, म्हणून त्याच्यावर थांबतो. ‘लिथियम म्हणजे लिथियम.’ तसं नाही. आयर्न फॉस्फेटचा सेल ३.२ व्होल्टचा असतो आणि ३.६५ ला पूर्ण भरतो. निकेल-मँगनीज-कोबाल्टचा सेल साधारण ३.६ व्होल्टचा आणि ४.२ ला भरणारा. कोचीच्या २०२३ मध्ये सुरू झालेल्या वॉटर मेट्रोच्या बोटींत टायटनेटचे सेल आहेत, ते तर जेमतेम २.३ व्होल्टचे. तिन्हींना लिथियमच म्हणतात. आता १२ व्होल्टच्या पॅकचा विचार करा. फॉस्फेटचे चार सेल एकामागे एक जोडले तर पूर्ण चार्ज १४.६ व्होल्टला होतो, आणि निकेलचे तीन सेल जोडले तर १२.६ ला. पहिल्याचा चार्जर दुसऱ्याला लावला की प्रत्येक सेलवर सुमारे ४.८७ व्होल्ट येतात, मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त. बॅटरीच्या आतलं संरक्षक सर्किट, ज्याला सगळे बीएमएस म्हणतात, ते शाबूत असेल तर प्रवाह तोडेल, पण आपली सुरक्षितता त्या एकाच सर्किटवर सोपवणं मला पटत नाही. सुट्या सेलपासून जोडून विकलेल्या पॅकवर नुसतं ‘१२ व्होल्ट लिथियम’ लिहिलेलं असेल, तर आत कोणता रासायनिक प्रकार आहे, सेल किती आहेत आणि पूर्ण चार्ज किती व्होल्टला होतो हे पावतीवर लिहून घ्यावं. दुकानदाराला सांगता येत नसेल तर तो पॅक घेऊ नये.

आगीची भीती याच गोंधळातून येते. २०२२ मध्ये देशात विजेच्या स्कूटरींना आगी लागल्या, सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले, आणि लोकांच्या मनात लिथियम आणि आग यांची जोडी बसली. भीती निराधार नाही. पण फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे तापल्यावर तो सहज सुटत नाही आणि हा प्रकार निकेलवाल्या सेलांपेक्षा बराच उशिरा भडकतो. नावेसाठी फॉस्फेटच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. नावेत आग लागली तर उतरून पळायला जागा नसते. फॉस्फेट घेतली तरी बॅटरीच्या अगदी जवळ ६० अँपिअरचा फ्यूज किंवा ब्रेकर आणि जाड तांब्याची वायर हवीच. ४ चौरस मिलिमीटरच्या वायरीतून जाऊन-येऊन सहा मीटर अंतर ५० अँपिअर नेले, तर सुमारे दीड व्होल्ट वायरीतच जातो आणि तेवढी उष्णता तिथेच तयार होते. १६ चौरस मिलिमीटर घेतली तर हे नुकसान एक चतुर्थांशावर येतं.

चार्जरच्या बाबतीत दोन टोकं ऐकू येतात. एक म्हणतो जुना चार्जर चालतो, दुसरा म्हणतो लावताच बॅटरी फुटेल. ॲसिड बॅटरीचा चांगला चार्जर १४.४ व्होल्टला थांबत असेल तर तो फॉस्फेटलाही बऱ्यापैकी भरतो, हे खरं. अडचण पुढे येते. ॲसिडच्या प्लेटांवरचा थर काढण्यासाठी काही चार्जर मधूनच व्होल्टेज १५.५ किंवा त्यावर नेतात. भरल्यावरही ते थोडा प्रवाह चालू ठेवतात, ज्याची लिथियमला गरज नसते. आणि बीएमएसने बॅटरी बंद केली असेल तर टोकांवर शून्य व्होल्ट दिसतात, तेव्हा साधा चार्जर तिला मेलेली समजून सुरूच होत नाही. म्हणून १४.४ ते १४.६ व्होल्टला थांबणारा लिथियमचा चार्जर घेणं हा वायफळ खर्च नाही. १०० अँपिअर-अवरला २० अँपिअर पुरेसे, पाच-सहा तासांत काम होतं. पहिल्यांदा बारा तास लावून ठेवावी किंवा पूर्ण संपल्याशिवाय चार्ज करू नये, हे जुन्या बॅटऱ्यांचे नियम इथे सोडून द्यावेत. मोबाइलवरून आलेला ‘कायम वीस ते ऐंशी’ हा नियमही फॉस्फेटला जसाच्या तसा लागू नाही, कारण पूर्ण भरल्यावरच तिचे सेल एकमेकांशी समान होतात. अधूनमधून शंभर टक्के करणं गरजेचं आहे.

सिहोरा-जबलपूरच्या हवेत खरा शत्रू उष्णता आहे. शून्याखाली चार्ज करू नये हा इशारा थंड देशांत महत्त्वाचा आहे, इथे तशी वेळ क्वचित येते. पण मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये तो आणखी चढतो. बऱ्याच पॅकना ४५ अंशांपुढे चार्ज करायची मुभा नसते. नाव परत आल्यावर बॅटरी सावलीत निववून संध्याकाळी चार्जला लावावी. त्यात भर म्हणजे पावसाळ्यात भेडाघाटचं नौकाविहार बंद असतं, आणि १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारीवर बंदी असते, म्हणजे बॅटरी पडून राहते. ॲसिडची बॅटरी रिकामी ठेवली की बिघडते, म्हणून ती गच्च भरून ठेवायची सवय आपल्या हाडात मुरलेली आहे. लिथियमच्या बाबतीत ते उलट ठरतं: गच्च भरलेली आणि गरम, अशा अवस्थेत ती सर्वांत वेगाने म्हातारी होते. निम्मी भरलेली, दोन्ही तारा सोडून, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवली तर चार महिने सुखाने राहते.

शेवटी व्होल्टमीटरच्या काट्यावर विश्वास किती ठेवायचा, हा प्रश्न उरतो. ॲसिडच्या बॅटरीत व्होल्टेज हळूहळू उतरतं, मोटर मंदावते, माणूस वेळेवर काठाकडे वळतो. फॉस्फेट जवळपास सगळा वेळ १३ व्होल्टच्या आसपास स्थिर राहते आणि मग बीएमएस एका झटक्यात बंद करतो. व्होल्टमीटर तिथे फसवतो. आत-बाहेर किती अँपिअर-तास गेले हे मोजणारं मीटर लावावं, तीस टक्के उरले की परत फिरावं, आणि बरगीसारख्या रुंद पाण्यावर वल्ही नावेतून कधीच उतरवू नयेत.