'आमचे लोक बदलायलाच तयार नाहीत'

नवी संगणकप्रणाली येते, प्रशिक्षण होतं, उद्घाटनाचा फोटो निघतो आणि सहा महिन्यांत सगळं काम पुन्हा जुन्या रजिस्टरवर येतं. मग साहेबांच्या केबिनमधून ठरलेलं निदान बाहेर पडतं: 'काय करणार, आमचे लोक बदलायलाच तयार नाहीत. माणसाचा स्वभावच तो.' सहकारी बँक असो, शिक्षणसंस्था असो की औद्योगिक वसाहतीतला कारखाना, हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. त्याचा मला मनापासून राग आहे. ते चुकीचं तर आहेच, शिवाय ते उच्चारलं की पुढचा विचार थांबतो. दोष स्वभावाचा ठरला की योजनेत काय चुकलं, हे तपासायचं कारणच उरत नाही.

हा 'स्वभाव' तपासून पाहिला गेला आहे, तोही पंचाहत्तरहून अधिक वर्षांपूर्वी. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात मॅरियन गावी हारवूड कंपनीचा पायजमे शिवण्याचा कारखाना होता. मजुरी नगावर होती. कामाची पद्धत बदलली की हात बसलेले कामगार मागे पडत, चिडत, नोकरी सोडून जात. नव्या कामाचा जम बसेपर्यंत कंपनी भत्ता देई, तरीही फरक पडत नसे. कारखान्यातले लेस्टर कोच आणि मानसशास्त्रज्ञ जॉन फ्रेंच यांनी चार गटांवर केलेला प्रयोग 1948 मध्ये प्रसिद्ध झाला. बदल चारही गटांत छोटेच होते. पहिल्या गटात इस्त्री करणारे 18 कामगार होते. त्यांना सभेत बोलावून स्पर्धेमुळे बदल का करावा लागतो हे सांगितलं, नवे दर समजावले, शंकांची उत्तरं दिली. आपल्याकडच्या बहुतेक संस्था याहून जास्त काही करत नाहीत. दुसऱ्या गटातल्या 13 जणांनी आखणीसाठी आपले प्रतिनिधी पाठवले. तिसऱ्या आणि चौथ्या गटांत अनुक्रमे 8 आणि 7 जण होते. ते सगळेच नवी पद्धत आखायला बसले.

पहिल्या गटाचं उत्पादन घसरलं ते वर आलंच नाही. वरिष्ठांशी खटके उडाले आणि 40 दिवसांत 17 टक्के लोक सोडून गेले. शेवटच्या दोन गटांनी मात्र थोड्याच दिवसांत जुना वेग गाठला आणि पुढे तो सुमारे 14 टक्क्यांनी ओलांडला. त्यांतल्या कुणीही नोकरी सोडली नाही.

यावर कुणी म्हणेल, पहिल्या गटातली माणसंच आडमुठी असतील. त्याचंही उत्तर त्याच प्रयोगात आहे. त्या गटातले उरलेले 13 जण अडीच महिन्यांनी पुन्हा नव्या कामावर हलवले गेले. या वेळी आखणीत सगळ्यांना सामील केलं होतं. त्यांनीही झटपट वेग गाठला आणि एकानेही काम सोडलं नाही. माणसं तीच होती, कारखाना तोच होता. बदलली ती बदल करण्याची रीत.

गट लहान होते आणि त्यांची कामं वेगवेगळी होती, हे खरं. 1960 मध्ये नॉर्वेतल्या पादत्राणांच्या कारखान्यात असाच प्रयोग झाला, तेव्हा उत्पादनात फारसा फरक दिसला नाही. तेव्हा सहभाग दिला की उत्पादन वाढतंच, असा दावा मी करणार नाही. पण 'विरोध हा स्वभावच' हे म्हणणं पहिल्या गटातल्या त्या 13 जणांपुढे टिकत नाही.

घरचं उदाहरण हवं असेल तर मुंबईचं घ्या. 1928 चा गिरणी संप एप्रिल ते ऑक्टोबर चालला आणि त्यात सुमारे दीड लाख कामगार होते. त्यामागच्या कारणांत एक होतं 'कार्यक्षमता योजना': दोन माग चालवणाऱ्या विणकराने तीन चालवावेत. कामगारांना सुधारणा कळत नाही, असं म्हणायला सोपं. पण साधं गणित करून पाहा. तीन विणकरांचं काम दोघांवर आलं, की तिसरा चाळीत परत जातो तो बेकार होऊन. हे न कळण्याइतका अडाणी विणकर गिरणगावात एकही नव्हता. त्याचा विरोध बदलाला नव्हता, उपासमारीला होता.

त्याच धंद्यातली, अहमदाबादच्या कॅलिको मिलमधली 1953 ची गोष्ट पाहा. तिथे स्वयंचलित माग आले होते. 224 मागांवर 29 कामगार होते आणि 12 प्रकारची कामं त्यांच्यात वाटलेली होती. यंत्रं नवी असूनही अपेक्षित उत्पादन निघत नव्हतं. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी सुचवलं की ठरावीक माग एकेका गटाकडे सोपवावेत. ही कल्पना कामगारांनी स्वतःच उचलली आणि कुणी कुणासोबत काम करायचं हेही आपसांत ठरवलं. उत्पादन वाढलं, खराब कापडाचं प्रमाण घटलं. बदल नको असणारे लोक हेच का?

आता इतर समजुती, थोडक्यात.

'वय झालेले कर्मचारी बदलत नाहीत.' थॉमस एनजी आणि डॅनियल फेल्डमन यांनी 2012 मध्ये 418 अभ्यास एकत्र तपासले. ज्येष्ठ कर्मचारी बदलाला जास्त विरोध करतात, याला आधार मिळाला नाही. प्रशिक्षणाची इच्छा तेवढी थोडी कमी आढळली.

'बदलाचे 70 टक्के प्रयत्न फसतात.' हा आकडा प्रत्येक सल्लागाराच्या सादरीकरणात असतो. मार्क ह्यूज यांनी 2011 मध्ये त्याचा माग काढला, तेव्हा विश्वासार्ह पुरावा सापडला नाही.

'हळूहळू तापवलेल्या पाण्यातला बेडूक उडी मारत नाही.' मारतो. कृपा करून हे सांगणं थांबवा.

'शिडीवरची केळी आणि पाच माकडं.' कारण न कळताही जुना नियम पाळणाऱ्या माकडांचा हा प्रयोग प्रशिक्षणवर्गात सांगितला जातो तसा कुठेही नोंदलेला नाही.

'बदलाच्या दुःखाच्या पाच पायऱ्या असतात.' एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये त्या मांडल्या, त्या मरणासन्न रुग्णांशी बोलून. कर्मचाऱ्यांशी त्यांचा संबंध नव्हता.

मग करायचं काय? आधी पाहा, या बदलात कोण काय गमावतो: पगार, घरी जायची वेळ, वर्षानुवर्षं कमावलेलं कसब, की चार माणसांतला मान. मग ठरवा, त्यातलं काय भरून देता येईल. निर्णयाचा कोणता भाग खरोखर मोकळा आहे तेही आधीच सांगा. सगळं ठरवून झाल्यावर 'तुमच्या सूचना द्या' म्हणणं ही फसवणूक आहे आणि लोकांना ती पहिल्याच बैठकीत कळते. आणि एक शक्यता नेहमी ध्यानात ठेवा: विरोध करणारा बरोबर असू शकतो. खिडकीवरच्या लिपिकाला नव्या प्रणालीतली चूक विक्रेत्याच्या आधी दिसते, कारण रांगेला तोंड त्याला द्यावं लागतं.

पुढच्या अहवालात 'कर्मचाऱ्यांचा विरोध' असं कारण लिहायची वेळ आली, तर त्या ओळीखाली आणखी दोन ओळी लिहा: कुणाचा विरोध, आणि त्याचं काय जाणार होतं. त्या लिहिता येत नसतील, तर पहिली ओळही खोडून टाका.