काचेवर उतरलेला डोंगर

'दृष्टीआड सृष्टी' असे आपण म्हणतो. जे कोणी पाहिलेच नाही, ते राखणार कोण? अमेरिकेतील यलोस्टोन या डोंगराळ मुलखाचे तसेच होते. तेथे जमिनीतून उकळत्या पाण्याचे फवारे उडतात, असे शिकारी येऊन सांगत. पण शहरातील लोकांना त्या थापा वाटत.

1871 साली सरकारने भूगर्भशास्त्रज्ञ फर्डिनंड हेडन यांच्या हाताखाली तेथे पाहणी पथक पाठविले. त्यात विल्यम हेन्री जॅक्सन हे 28 वर्षांचे फोटोग्राफर होते.

त्या काळी फोटो काचेवर घ्यावा लागे. अंधाऱ्या राहुटीत काचेला रसायनाचा लेप द्यायचा, ती ओली आहे तोच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि लगेच राहुटीत नेऊन धुवायची. लेप वाळला की काच वाया! कॅमेरे, काचा, बाटल्या, राहुटी असे सारे ओझे खेचरावर लादून डोंगर चढायचा. त्यांच्या एका खेचराचे नावच 'हायपो' होते. हायपो म्हणजे फोटो पक्का करण्याचे रसायन. एके ठिकाणी तर त्यांनी झऱ्याच्या गरम पाण्यातच काचा धुतल्या, म्हणजे त्या लवकर वाळत.

हे फोटो आणि चित्रकार टॉमस मोरन यांची चित्रे अमेरिकेच्या संसद सदस्यांपुढे ठेवली गेली. थापा खऱ्या ठरल्या. 1 मार्च 1872 रोजी अध्यक्ष ग्रँट यांनी कायद्यावर सही केली आणि 20 लाखांहून अधिक एकर मुलूख विक्रीपासून वाचला. जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून तो ओळखला जातो.

पण एवढ्यावर गोष्ट संपत नाही. हा मुलूख निर्जन नव्हता. शोशोनी, बॅनॉक, क्रो या जमाती पिढ्यानपिढ्या तेथे शिकार करीत, कंदमुळे गोळा करीत. डोंगरी मेंढ्यांच्या शिकारीवर जगणारे काही शोशोनी तर तेथेच राहत. गाजलेल्या फोटोंत धबधबे होते, झरे होते, कडे होते. या लोकांचा हक्क मात्र त्यांत दिसत नव्हता. डोंगर राखला गेला, पण दहा वर्षांच्या आत या लोकांना तेथून बाहेर काढण्यात आले.

फोटो हा पंचनाम्यासारखा असतो. त्यात आले ते पुढे मांडता येते, राहिले ते राहिलेच. शंभर वर्षांनी अभ्यासकांनी जॅक्सन यांच्याच जागांवर उभे राहून पुन्हा फोटो काढले आणि झाडी, गवत, ओढे यांत काय बदलले ते ताडून पाहिले.

आज घराघरांत मोबाइल आहे. आपला बांध, ओढा, विहीर यांचा फोटो दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच जागेवरून घ्यावा. तारीख लिहून ठेवावी. माती किती वाहिली, झाडी किती वाढली, हे मग कोणाला तोंडी पटवावे लागणार नाही. आणि फोटोत नुसता ओढा घेऊ नका. त्यावर जगणारी माणसे, गुरेढोरेही येऊ द्या.