गोळीतला व्यायाम

जिमला जाणाऱ्या मुलांच्या तोंडी हल्ली प्रोटीनच्या डब्याबरोबर ‘कार्डारीन’चेही नाव येते. न पळता दम वाढतो म्हणे! घरातल्या मोठ्यांनी या औषधाची कुळकथा जाणून घ्यावी.

मूळ नाव जीडब्ल्यू ५०१५१६. साखरेऐवजी चरबी जाळण्याचा संदेश ते स्नायूंना देते. २००८ साली अमेरिकेच्या सॉल्क संस्थेत रोनाल्ड इव्हान्स यांच्या गटाने ते उंदरांना देऊन पाहिले. नुसत्या औषधाने उंदीर जास्त पळाले नाहीत. रोजच्या पळण्याची जोड दिली तेव्हाच पळाले. ‘एआयकार’ हे दुसरे रसायन दिलेले उंदीर मात्र सराव नसताना ४४ टक्के अधिक पळाले आणि वर्तमानपत्रांनी दोन्हींना एकाच मथळ्यात बसवले.

पण ग्लॅक्सो कंपनीने २००७ सालीच या औषधाचा नाद सोडला होता. दीर्घकाळ डोस दिलेल्या प्राण्यांच्या अनेक अवयवांत कॅन्सरच्या गाठी झाल्या होत्या. २०१३ साली उत्तेजकविरोधी जागतिक संस्था ‘वाडा’ने खेळाडूंना खास इशारा दिला. नुसती बंदी घालून न थांबता प्रकृतीच्या धोक्याबद्दल असे सांगणे तिच्याकडून क्वचितच होते.

२०२३ साली गाजलेल्या ‘एसएलयू-पीपी-३३२’चा पुरावाही उंदरांचाच. शिवाय चालताना हाडांवर पडणारा भार, तोल सांभाळायची सवय या गोष्टी गोळी कुठून देणार?

अशा बाटल्यांवर मराठीत नाही, कन्नडमध्येही नाही, बारीक इंग्रजीत छापलेले असते : केवळ संशोधनासाठी, माणसांनी घेण्यासाठी नाही. मुलाच्या बॅगेत बाटली सापडली तर ओरडण्याआधी ती ओळ त्यालाच मोठ्याने वाचायला सांगा. घेतली असेल तर बाटलीसकट डॉक्टरांकडे न्या.