नवा रस्ता, जास्त वेळ

गर्दी वाढली की नवा रस्ता बांधावा, असं आपल्याला वाटतं. त्यानं कधीकधी गर्दी वाढूही शकते, हे जर्मन गणितज्ञ डीट्रिख ब्रेस यांनी 1968 साली दाखवलं. नगररचनेवरच्या व्याख्यानांत पुष्कळदा येणारा हा मुद्दा वर्गातही करून पाहता येईल.

समजा, 40 मुलं म्हणजे 40 मोटारी. शहरात जायला दोन वाटा. प्रत्येक वाटेवर एक अरुंद पूल आणि एक रुंद रस्ता. पहिल्या वाटेवर पूल आधी, दुसरीवर शेवटी. रस्त्याला कायम 45 मिनिटं लागतात. पुलाला, जितक्या मोटारी तितकी मिनिटं. दोन्हीकडे 20-20 मोटारी गेल्या, तर प्रत्येकीला 20 + 45 = 65 मिनिटं.

आता पहिला पूल संपतो तिथून दुसरा सुरू होतो तिथपर्यंत जोडरस्ता काढा. त्याला वेळ शून्य. पुलाला फार तर 40 मिनिटं, म्हणजे रस्त्यापेक्षा कमीच. मग सगळेच दोन्ही पुलांवरून जाणार. वेळ? 40 + 40 = 80 मिनिटं! एकट्यानं जुनी वाट धरली तर 85.

चुकीचं कोणीच वागलं नाही, तरी प्रत्येकाची 15 मिनिटं गेली. रस्ता आखताना माणसं कशी निवड करतील, हेही मोजावं लागतं ते यासाठीच.