नकाशाच्या समासातलं पथक

एनएफ 43-10. अमेरिकेच्या आर्मी मॅप सर्व्हिसच्या ज्या शीटवर सातपुड्यातलं तोरणमाळ येतं, तिचा हा क्रमांक. एन म्हणजे उत्तर गोलार्ध, एफ म्हणजे 20 ते 24 अक्षांशांचा पट्टा आणि 43 म्हणजे 72 ते 78 रेखांशांमधला भाग. या चौकटीचे सोळा तुकडे पाडले, त्यातला हा दहावा. म्हणजे 21 ते 22 अक्षांश आणि साडेत्र्याहत्तर ते पंच्याहत्तर रेखांश. तोरणमाळचं पठार, धडगावचे डोंगर आणि खालून वाहणारी नर्मदा, सगळं एकाच कागदावर.

जुना लष्करी नकाशा हाती आला की बहुतेकांची नजर आधी आपलं गाव शोधते. मी आधी समास वाचतो. नकाशा कुणी केला, कशावरून केला, कोणत्या साली छापला, हे सगळं चौकटीबाहेरच्या बारीक अक्षरांत असतं. लष्करी नकाशे करणाऱ्यांची नावं युद्धाच्या इतिहासात फारशी येत नाहीत. त्यांचा माग काढायचा तर भिंग घेऊन या समासातूनच काढावा लागतो.

आर्मी मॅप सर्व्हिस 1942 साली, ऐन दुसऱ्या महायुद्धात उभी राहिली. पुरुष आघाडीवर गेल्यामुळे कॉलेजातल्या मुलींना नकाशारेखन शिकवून कामावर घेतलं गेलं. युद्ध संपेपर्यंत या खात्याने सुमारे 40,000 वेगवेगळे नकाशे तयार केले. छापलेल्या प्रतींची संख्या 50 कोटींच्या घरात गेली. तोरणमाळची शीट ज्या ‘यू 502’ मालेतली, ती भारत-पाकिस्तानची माला पन्नाशीच्या दशकातली. खातं तेच, शिस्तही युद्धात घडलेली.

पण अमेरिकेत बसून सातपुड्याचे कडे काढले कसे? याचं उत्तरही समासात आहे. या मालेला आधार आहे तो सर्व्हे ऑफ इंडियाच्या ‘एका इंचाला चार मैल’ या नकाशांचा. त्यांचं प्रमाण 1:2,53,440, अमेरिकी शीटचं 1:2,50,000. नुसती नक्कल करून भागणार नव्हतं. सगळं नव्या मापात बसवावं लागलं. शिवाय सर्व्हे ऑफ इंडियाची शीट एक अंश रुंद, अमेरिकी शीट दीड अंश. म्हणून इथे 46 के ही शीट पूर्ण आणि तिच्या पश्चिमेची 46 जी अर्धी, अशी जोडणी येते. जोड 74 रेखांशावर पडतो. तिथे पट्टी ठेवून दोन्ही बाजूंच्या समोच्च रेषा जुळवून पाहणं हा माझ्या कामातला सर्वांत जीव रमवणारा भाग. रेखाटणाऱ्याचा हात तिथे कळतो.

एक पायरी आणखी मागे गेलं की सर्व्हे ऑफ इंडियाच्या मूळ शीटा लागतात. त्यांच्या समासात सर्व्हेअर जनरलचं नाव असतं. ऑलिव्हर व्हीलर यांचं नाव दिसलं तर छपाई 1941 ते 1947 मधली, म्हणजे बहुधा युद्धकाळातली. 1921 च्या एव्हरेस्ट मोहिमेत मोजणी करणारे हेच व्हीलर. तोरणमाळ पश्चिम खानदेश जिल्ह्यात आणि पलीकडे बडवानी संस्थान दाखवलेलं असेल, तर मजकूर 1948 पूर्वीचा. काळ असा दोन-तीन खुणांनी बांधून घ्यायचा. एकट्या छपाईच्या सालावर विसंबायचं नाही, कारण छपाई नवी आणि मोजणी कितीतरी जुनी असू शकते.

ती मोजणी पायी झालेली. तिपाईवर प्लेन टेबल मांडायचं, आधीच मोजलेल्या शिखरांवर नजर धरून कागदावर रेषा ओढायच्या, क्लिनोमीटरने चढ-उतार घ्यायचा आणि समोर डोंगर दिसत असतानाच समोच्च रेषा काढायच्या. सामान वाहायला खलाशी. सुमारे 1150 मीटर उंचीच्या या पठाराच्या कडेवर उभं राहून सीताखाईच्या दरीकडे पाहिलं की या कामाची किंमत कळते. पठारावर मोकळ्या असलेल्या रेषा कड्याशी एकमेकींना चिकटतात. ती प्रत्येक रेघ कुणीतरी अशाच कड्यावर उभं राहून काढलेली आहे. सर्व्हेअर जनरलचं नाव समासात छापलं गेलं. टेबल खांद्यावरून चढवणाऱ्यांची नावं कुठेच छापली गेली नाहीत.

लष्करासाठी केलेला हा कागद आज मला वेगळ्याच कारणाने मोलाचा वाटतो. त्यावरची नर्मदा धरणाआधीची आहे. सरदार सरोवराची जागाही याच शीटवर येते, पण तिथे भिंत नाही, जलाशय नाही. सप्टेंबर 2019 मध्ये धरण पहिल्यांदा 138.68 मीटरपर्यंत भरलं. मणिबेलीपासून वरच्या काठांवरचं जे पाण्याखाली गेलं, त्या जमिनीचा उतार, नाल्यांची वळणं, नदीचं मूळ पात्र या रेषांत शिल्लक आहे. काठावरच्या जाणत्यांच्या आठवणी या रेषांवर मांडता येतात. ते काम आताच व्हायला हवं, कारण ती खोरी डोळ्यांनी पाहिलेली माणसं दिवसेंदिवस कमी होत आहेत.

ही शीट टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने सर्वांसाठी खुली केली आहे. कुणीही उतरवून घ्यावी, छापावी. एकच विनंती: संगणकावर आजच्या नकाशाशी जुळवण्यासाठी कडा कापताना समास टाकून देऊ नका. नकाशा कुणाच्या मोजणीवर उभा आहे आणि कुठवर विश्वासाचा आहे, हे तिथेच लिहिलेलं असतं. समास गेला की उरलेल्या रेषांना साक्षीदार उरत नाही.