पेशीमृत्यूची ओळख : प्रयोगशाळेतील कसोट्या

पेशी मरण पावली, एवढे सांगून जीवशास्त्रज्ञाचे काम संपत नाही. ती कोणत्या मार्गाने मरण पावली, हेही त्यास ठरवावे लागते. तीव्र इजा झालेली पेशी फुगून फुटते व तिच्यातील द्रव्ये बाहेर पडून दाह निर्माण होतो. हा नेक्रोसिस होय. याउलट केर, वायली व करी यांनी १९७२ मध्ये ज्यास अ‍ॅपॉप्टोसिस हे नाव दिले, त्या नियोजित मृत्यूत पेशी आक्रसते, केंद्रकाचे तुकडे होतात आणि आवरणयुक्त अवशेष इतर पेशी गिळून टाकतात. दाह सहसा होत नाही. कर्करोगावरील औषधाचे कार्य समजून घेताना हा भेद निर्णायक ठरतो.

निरोगी पेशीत फॉस्फॅटिडिलसेरीन हा स्निग्ध घटक पेशीपटलाच्या आतील बाजूस असतो. अ‍ॅपॉप्टोसिसच्या आरंभी तो बाहेर येतो व अ‍ॅनेक्सिन-५ हे प्रथिन त्यास चिकटते. प्रोपिडियम आयोडाइड हे रंगद्रव्य मात्र पटल भंगलेल्या पेशीतच शिरते. केवळ अ‍ॅनेक्सिन चिकटल्यास पेशी आरंभीच्या अवस्थेत आहे, असे मानतात. दोन्ही खुणा आढळल्या, तर ती अ‍ॅपॉप्टोसिसची उत्तरावस्था की नेक्रोसिस, हे त्या एका निरीक्षणावरून सांगता येत नाही. म्हणून ठरावीक अंतराने पुन्हा मापन करतात आणि कॅस्पेस-३ या विकराची सक्रियता तपासतात. डीएनएचे सुमारे १८० आधारजोड्यांच्या पटीत झालेले तुकडे जेलवर शिडीसारखे दिसतात. तोही पुरावा महत्त्वाचा होय. १९९२ मध्ये पुढे आलेली ट्यूनेल पद्धत तुटलेल्या डीएनएची टोके दाखविते; परंतु नेक्रोसिसमध्येही ती होकारार्थी येऊ शकते.

छत्तीसगढ व लगतच्या विदर्भात आढळणारा सिकलसेल आजार या मर्यादा स्पष्ट करतो. परिपक्व तांबड्या पेशीस केंद्रक नसते. त्यामुळे डीएनएवर आधारलेल्या कसोट्या तेथे निरुपयोगी ठरतात. शिवाय या रुग्णांच्या काही तांबड्या पेशी फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर आलेले असतानाही रक्तात फिरत असतात. त्यांना अ‍ॅनेक्सिन चिकटते, म्हणून त्या मृत ठरत नाहीत.

२०१२ मध्ये नामकरण झालेल्या फेरॉप्टोसिससारख्या प्रकारांनी हे वर्गीकरण अधिक विस्तारले आहे. तेथे लोहाश्रित स्निग्धद्रव्यांचे ऑक्सिडीकरण मोजतात आणि फेरोस्टॅटिन-१ दिल्यास पेशी वाचते का, हे पाहतात. सारांश, एका रंगाच्या साक्षीवर मृत्यूचे नाव ठरवू नये. रचना, रसायन व काल या तिन्हींची साक्ष जुळल्यावरच ते नाव सार्थ ठरते.