गाडी तापत नाही, ही काय तक्रार झाली?

गेल्या डिसेंबरात आई म्हणाली, "तुझ्या बाबांच्या गाडीतला हीटर म्हणजे नुसता पंखा आहे." तिला आठवड्यातून तीन दिवस सकाळी सात वाजता गुडघ्याच्या व्यायामासाठी जावं लागतं. इंदूरच्या थंडीत शाल पांघरून बसायचं, हीटर पूर्ण सोडायचा आणि वर गार वारा खायचा, असं चाललं होतं. बाबांचं उत्तर ठरलेलं. "गाडी जुनी झाली. पण इंजिन बघ किती थंड राहतं! काटा कधी वर चढतच नाही." हे ते कौतुकाने सांगत.

गाडी बारा वर्षांची, पेट्रोलची, बाबांनी निवृत्तीच्या वर्षी घेतलेली. अ‍ॅव्हरेज खूप उतरलं म्हणून त्यांनी ती एका वर्कशॉपमध्ये दाखवली. तिथे निदान झालं की रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागेल, पस्तीस हजार रुपये. नाहीतर विकून टाका. बाबा विकायच्या तयारीला लागले. त्यांचा चेहरा बघून मी म्हटलं, "बाबा, आठ दिवस थांबा."

माझं बी.ई. कॉम्प्युटरचं. पाना हातात धरायचा अनुभव सायकलच्या चेनपुरता. पण आमच्या कामात एक नियम आहे. प्रोग्राम बिघडला तर आधी लॉग वाचायचा, मगच कोडला हात लावायचा. आणि या गाडीचा लॉग घरातच होता. बाबा पेट्रोल भरलं की लिटर, किलोमीटर आणि रुपये डायरीत लिहितात, एकही दिवस न चुकता.

डायरी काय म्हणाली

एका रविवारी सगळे आकडे मांडले. चार वर्षांपूर्वीपर्यंत लिटरला पंधरा-सोळा किलोमीटर. मग एका उन्हाळ्यानंतर एकदम तेरा, आणि दर थंडीत अकरा. रिंगा झिजल्या असत्या तर उतार हळूहळू दिसला असता, आणि बाराही महिने. इथे तर पायरी पडली होती, आणि थंडीत तिला खड्डा. इंजिनाला थंडी वाजतेय, असंच ते दिसत होतं.

इथे थर्मोस्टॅट आठवला. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये बसलेली ही छोटी झडप. तिच्या पोटात पितळेच्या डबीत मेण असतं. इंजिन गार असताना झडप बंद असते आणि कूलंट इंजिनातच फिरत राहतं, म्हणजे इंजिन लवकर तापतं. साधारण ८२ ते ८८ अंशांना मेण वितळून फुगतं, झडप उघडते, आणि कूलंट रेडिएटरकडे जातं. वीज नाही, कॉम्प्युटर नाही, फक्त मेण आणि स्प्रिंग.

झडप बंद अवस्थेत अडकली तर इंजिन उकळतं, हे सगळ्यांना माहीत असतं. उघडी अडकली तर मात्र कोणी दखल घेत नाही. कूलंट सतत रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन पुरेसं तापतच नाही. मग गाडीचा कॉम्प्युटर समजतो की इंजिन अजून गारच आहे, आणि जास्त पेट्रोल सोडतो. त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि झीज वाढते. हीटरची ऊबही याच कूलंटमधून येते. म्हणजे आईची तक्रार आणि बाबांचं कौतुक, दोन्ही एकाच रोगाची लक्षणं होती.

आधी मोजलं

स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा ब्लूटूथ स्कॅनर हजार रुपयांच्या आत मिळाला. मोबाइलवर कूलंटचं तापमान दिसू लागलं. पहाटे, गाडी रात्रभर उभी असताना, आकडा ११ होता आणि बाहेरची हवाही तेवढीच. म्हणजे सेन्सर खोटं बोलत नव्हता. कूलंटची पातळी बरोबर होती. रेडिएटरचा पंखा उगाच फिरत नव्हता. बायपासवर वीस मिनिटं गाडी पळवली तरी आकडा ६४ वर. सिग्नलला उभं राहिलं की ७६, पुढे निघालं की पुन्हा खाली. शिवाय गाडी सुरू करून दोन-तीन मिनिटं झाली नाहीत तोच रेडिएटरचा वरचा पाइप कोमट. झडप धड असती तर तो बराच वेळ गार राहून मग एकदम तापला असता.

उघडलं तर काय!

शनिवारी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना काम काढलं. हे गार असणं फार महत्त्वाचं. तापलेल्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण काढणं म्हणजे शिट्टी न झालेला कुकर उघडणं. खाली टब ठेवून दोन-तीन लिटर कूलंट काढलं. ते चवीला गोडसर पण विषारी असतं. पोरं आणि कुत्री-मांजरं लांब ठेवा, नालीत ओतू नका. पाइपची क्लिप पकडीने सरकवली, पाइप पिळून सैल केला, दोन बोल्ट काढले आणि झाकण उचललं.

आत झडप नव्हतीच. होती फक्त बाहेरची कडी. मधलं मेण, स्प्रिंग, सगळं कापून काढलेलं.

बाबा बराच वेळ त्या कडीकडे बघत राहिले. मग आत जाऊन जुनी डायरी घेऊन आले. चार वर्षांपूर्वीचा मे महिना. ओंकारेश्वरहून परतताना सिमरोलच्या अलीकडे, भेरूघाटाच्या चढावर गाडी उकळली होती. रस्त्यावरच्या मिस्त्रीने तासाभरात चालू करून दिली आणि म्हणाला, "थर्मोस्टॅट निकाल दिया बाऊजी, अब कभी गरम नहीं होगी." डायरीत नोंद होती: दुरुस्ती, १५० रुपये.

"म्हणजे माझीच चूक," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, चूक मिस्त्रीचीही नाही. अडकलेली झडप काढून त्याने भर उन्हात तुम्हाला घरी पोचवलं. चूक झाली ती नंतर. नवी बसवायची राहूनच गेली. आमच्याकडेही असंच होतं. रात्री दोन वाजता तात्पुरती म्हणून टाकलेली दुरुस्ती चार वर्षं तशीच चालते, आणि दोष सगळ्या सिस्टिमला लागतो.

नवा बसवताना

नवा थर्मोस्टॅट साडेसातशेचा, ८२ अंशांचा. बसवण्याआधी तपासला. झडपेत दोरा चिमटून त्यावरच तो पाण्याच्या पातेल्यात लटकवला आणि शेजारी बायकोचा केकवाला थर्मामीटर सोडला. (पातेलं भंगारात जाणारं. आईने दुधाचं दिलं नाही.) ८३ अंशांना झडप उघडली, दोरा सुटला आणि थर्मोस्टॅट टुपकन तळाला गेला. बाबांनी टाळी वाजवली.

जुनं गॅस्केट नखाने आणि लाकडी पट्टीने खरवडलं, कारण अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा पडला तर तिथून गळतं. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, छोटं हवेचं छिद्र वरच्या बाजूला. बोल्ट आळीपाळीने, बेताने आवळले. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं मिसळून भरलं. नळाला नर्मदेचं पाणी येतं हे आपलं भाग्य, पण रेडिएटरला ते नको, क्षार साचतात. शेवटी हवा काढली. झाकण उघडं ठेवून गार इंजिन सुरू केलं, हीटर पूर्ण सोडला, बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं कूलंट घातलं, मग झाकण लावलं. आकडा ८५ च्या वर गेला, काही वेळाने पंखा आपोआप सुरू झाला आणि बंदही झाला. हे बघणं गरजेचं होतं, कारण गाडी मुळात उकळली होती. पंखा किंवा रेडिएटर बिघडलेला असता तर नवा थर्मोस्टॅट लावून पुन्हा तेच झालं असतं.

खरी परीक्षा संक्रांतीनंतर झाली. चौघं ओंकारेश्वरला गेलो. परतीला भेरूघाटाचा चढ लागला तसा बाबांनी माझा मोबाइल हातात घेतला आणि आकडे मोठ्याने वाचायला लागले. "अठ्ठ्याऐंशी... एक्क्याण्णव... नव्वद." घाट संपला. मागच्या सीटवर आई शाल काढून घडी घालत होती.

गाडी विकायचा विषय पुन्हा निघालेला नाही. मार्चपर्यंत अ‍ॅव्हरेज साडेचौदावर आलंय. बाबांनी ती कडी फेकली नाही, डायरीच्या कपाटात ठेवलीय. आणि त्या शनिवारच्या पानावर लिहिलंय: "थर्मोस्टॅट नवा. ७५० रु. मजुरी नाही, मुलगा."